वुहान कुठे, चुडावा कुठे?

“सर, वुहान कुठे आणि आपला चुडावा कुठे?” २०२० साली शाळा बंद होण्याच्या आदल्या दिवशी सातवीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले होते. घाईत उत्तर अर्धवटच राहिले. ते आता देतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये त्याने थैमान घातले होते. तिथूनच तो जहाजाने आला, असे मानले जाते. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याची कोठारे, म्हणजे उंदरांचे राज्य. उंदीर मेले की त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसांकडे वळत. मग घाबरलेली माणसे लाखोंनी आगगाड्यांत, आगबोटींत बसली आणि रोग पुणे, कराचीपर्यंत गेला. शिडाच्या जहाजाच्या काळात रोगी बरेचदा वाटेतच मरे किंवा बरा होई. वाफेने ती सवड ठेवली नाही, विमानाने तर मुळीच नाही.

औषधही त्याच वाटेने आले. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचली. लोक बिचकत होते, तेव्हा तरुण आगाखान सर सुलतान मोहम्मद शाह यांनी ती चारचौघांत टोचून घेतली. २०२१ मध्ये लसीबद्दलच्या अफवा ऐकताना आम्हाला हेच आठवायचे.

१८९७ सालीच सरकारने मुंबईहून हजची जहाजे थांबवली. भीती खोटी नव्हती. हजरत उमर (रजि.) यांनीही साथीची खबर ऐकून शामच्या वाटेवरून काफिला मागे फिरवला होता.

२०२० मध्ये मात्र वेगळेच घडले. ९ मार्चला पुण्यात सापडलेले राज्यातले पहिले रुग्ण दुबईहून सहल करून आले होते. त्यांचा धर्म कोणी काढला नाही, काढूही नये. तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवर मात्र गुन्हे दाखल झाले. २१ ऑगस्टला औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले. पण तोवर आमच्या गल्लीत भाजीवाला येईनासा झाला होता.

आमच्या मोठ्या मामूंनी त्याच वर्षीच्या हजचे पैसे भरले होते. ते परत आले. २०२१ लाही बाहेरच्यांना परवानगी नव्हती. २०२२ मध्ये दार उघडले, पण पासष्टच्या आतल्यांसाठी. मामू तेव्हा अडुसष्टचे. २०२३ ला अट उठली आणि त्यांनी पुन्हा फॉर्म भरला.