डिस्कचे काम कमांडनेच करावे

क्लाउडवरच्या सर्व्हरची डिस्क बहुधा त्या यंत्राच्या पोटात नसते. ॲमेझॉनने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘इलॅस्टिक ब्लॉक स्टोअर’ या सेवेत ती नेटवर्कवरून जोडलेले एक स्वतंत्र व्हॉल्यूम असते. एका सर्व्हरवरून काढून ते दुसऱ्याला लावता येते, चालू कामात मोठेही करता येते. ही कामे वेबसाइटवरची बटणे दाबूनही होतात. तरी ती टर्मिनलमध्ये कमांड लिहूनच करावीत, असे माझे ठाम मत आहे. लिहिलेली कमांड चालवण्याआधी वाचता येते, सहकाऱ्याला दाखवता येते आणि वर्षभराने पुन्हा काढून तपासता येते.

डिस्क वाढवण्याचेच काम घ्या. १०० जीबीची डिस्क भरत आली, वेबसाइटवर जाऊन ती २०० केली, बदल झाल्याचा संदेशही आला. पण सर्व्हर ‘जागा नाही’ म्हणतच राहतो. वाढले ते फक्त क्लाउडच्या बाजूचे व्हॉल्यूम. आतल्या लिनक्सचे पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) आणि त्यावरची फाइल सिस्टिम (फायली साठवण्याची रचना) जुन्याच मापाची आहे. शेजारचा तुकडा सातबाऱ्यावर आपल्या नावे चढला, तरी बांध हलवल्याशिवाय तिथे पेरणी होत नाही, तसेच हे. ‘एलएसबीएलके’ ही कमांड दिली की सगळे उघडे पडते: वरच्या ओळीत डिस्कसमोर २०० जी, खालच्या ओळीत पार्टिशनसमोर १००. मग ‘ग्रोपार्ट’ने पार्टिशन ताणायचे आणि फाइल सिस्टिम ईएक्सटी-४ असेल तर ‘रिसाइझ-टू-एफएस’ने, एक्सएफएस असेल तर ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’ने तीही वाढवायची. बटणाच्या पडद्यावर यातली पहिलीच पायरी दिसते. शिवाय या सेवेत व्हॉल्यूम वाढवता येते, लहान करता येत नाही. २०० ऐवजी २००० पडले, तर नवी लहान डिस्क घेऊन सगळा डेटा तिच्यावर हलवावा लागतो. ते जादा शून्य दुसऱ्या माणसाच्या नजरेस आधीच पडावे, यासाठी तरी कमांड लिहिलेली हवी.

यावर आक्षेप येतो की कमांड धोक्याची असते, एका ओळीत सगळे पुसले जाते. तो खोटा नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबच्या एका अभियंत्याने दुय्यम डेटाबेस सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरच डेटा पुसणारी कमांड दिली. ती थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरले होते. नेहमीचे बॅकअप निकामी निघाले; वाचवले ते सुमारे सहा तास आधी सहज घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीने. मला यात कमांडपेक्षा दोन गोष्टी जास्त दोषी दिसतात: जवळपास सारखीच नावे असलेले दोन सर्व्हर आणि कधी न तपासलेले बॅकअप. चुकीच्या सर्व्हरचे पान उघडे ठेवून बटण दाबले असते, तर निकाल वेगळा लागला नसता. म्हणून डिस्कला हात लावण्याआधी स्नॅपशॉट घ्यावाच. पहिल्यानंतरचे स्नॅपशॉट फक्त बदललेला भाग साठवतात, त्यामुळे खर्चाची सबब फारशी उरत नाही. ॲमेझॉनच्या कमांडला ‘ड्राय-रन’ जोडता येते, पण त्यावर विसंबू नये. परवानगी आहे की नाही एवढेच ते सांगते. व्हॉल्यूम चुकीचे निवडले असेल, तर गप्प राहते. त्यासाठी आधी ‘डिस्क्राइब-व्हॉल्यूम्स’ देऊन आकार आणि कोणत्या सर्व्हरला जोडले आहे, ते डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

दोन-तीन सर्व्हर असलेल्या छोट्या संस्थेने हा व्याप कशाला करावा, असेही विचारले जाते. माझ्या मते तिलाच याची गरज जास्त, कारण बिल तिलाच बोचते. नंतर जोडलेली डिस्क सर्व्हर कायमचा काढून टाकला तरी सहसा आपोआप जात नाही. ती ‘अव्हेलेबल’ अवस्थेत पडून राहते आणि तिचे भाडे चालूच राहते, तेही वापरलेल्या जागेचे नव्हे, घेतलेल्या पूर्ण आकाराचे. वेबसाइटवरही अशा सुट्या डिस्कची यादी दिसते, पण कुणीतरी आठवणीने जाऊन पाहिली तरच. तीच चौकशी एका ओळीत लिहून, ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनला दिली, की दर सोमवारी सुट्या डिस्कची यादी मेलवर येते. मात्र एक चौकशी एकाच रीजनपुरती, म्हणजे क्लाउडच्या एकाच भौगोलिक विभागापुरती असते. मुंबईची यादी रिकामी आली तरी सिंगापूरमध्ये डिस्क पडलेली असू शकते, म्हणून वापरातल्या प्रत्येक रीजनसाठी ती फिरवावी. डिस्क पुसण्याचे काम मात्र क्रॉनवर सोडू नये. त्या डिस्कवर गेल्या वर्षीचे हिशेब आहेत की रिकामी जागा, हे यादीला कळत नाही. ते संस्थेतल्या माणसाला विचारावे, स्नॅपशॉट घ्यावा आणि मग ‘डिलीट-व्हॉल्यूम’ लिहावे.