कॅप्टन नायर : पत आणि कर्ज

एखादा उद्योजक निवर्तला की आपल्याकडे त्याच्या संपत्तीचे आकडे सांगितले जातात. ती संपत्ती कशावर उभी होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. १७ मे २०१४ रोजी मुंबईत वयाच्या ९२ व्या वर्षी निधन पावलेले ‘लीला’ हॉटेलांचे संस्थापक कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांच्याबाबतीत तर तो अवश्य विचारावयास हवा.

केरळातील कण्णूर येथे १९२२ साली जन्मलेल्या नायर यांनी सैन्यात नोकरी केली आणि ती सोडल्यावर ते हातमागाच्या धंद्यात शिरले. ‘लीला’ हे त्यांच्या पत्नीचे नाव. सासऱ्यांचा व्यवसाय विणकामाचा. १९५८ साली न्यूयॉर्कच्या एका आयातदाराने त्यांच्याकडून मद्रासी चौकडीचे कापड खरेदी केले. ते थंड पाण्यात हलक्या हाताने धुवावे, ही सूचना ग्राहकांपर्यंत पोहोचलीच नाही. धुताना रंग जाऊ लागले आणि तक्रारींचा पाऊस पडला. तेव्हा विक्रेत्यांनी दोष झाकण्याऐवजी ‘रंग जाणारच, ही आमची हमी’ अशी जाहिरात केली आणि कापडाची मागणी उलट वाढली. मालाचा स्वभाव आधी सांगितला तर उणीवही गुण ठरते, हा बाजारपेठेतील पतीचा पहिला धडा होय.

लोक निवृत्तीचा हिशेब मांडतात त्या वयात, १९८० च्या दशकात, नायर यांनी मुंबईच्या सहार विमानतळाजवळ पहिले हॉटेल उभारले. पुढे गोवा, बंगळूर, उदयपूर येथे विस्तार झाला. २०१० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. परंतु याच विस्तारात दुसरा धडा दडलेला होता. दिल्लीतील चाणक्यपुरीचा भूखंड २००७ साली ६११ कोटी रुपयांस घेतला गेला. त्यानंतर वर्षभरातच जागतिक मंदी आली. हॉटेलाची खोली आज रिकामी राहिली, तर तिचे आजचे भाडे उद्या वसूल होत नाही. व्याज मात्र एकही रात्र थांबत नाही. कापडाचा रंग जाणे हे वैशिष्ट्य म्हणून विकता येते, कर्जाचा बोजा तसा विकता येत नाही.

परिणाम सर्वांसमोर आहे. नायर यांच्या पश्चात, २०१९ साली, बंगळूर, चेन्नई, दिल्ली व उदयपूर येथील हॉटेले ३,९५० कोटी रुपयांच्या व्यवहारात कॅनडाच्या ब्रुकफील्ड समूहाकडे गेली. त्यांच्यासोबत ‘लीला’ हे नावही गेले. मूळ कंपनीकडे मुंबईचे हॉटेल राहिले.

म्हणून नायर यांना अपयशी ठरविणे अन्यायाचे होईल. परकीय भांडवलाने केवळ इमारतीच नव्हे, तर नावही विकत घ्यावे, यातच त्या नावाची किंमत सिद्ध होते. आणि ती आदरातिथ्याने कमावलेली होती. तथापि त्यांचा निव्वळ गौरव करणेही अप्रामाणिकपणाचे ठरेल. पत माणूस स्वतः कमावतो. कर्ज त्या पतीवर मिळते, पण तिच्या आधी वसूल होते. व्यापारात पाऊल टाकू पाहणाऱ्या तरुणांनी कॅप्टनसाहेबांकडून पहिली गोष्ट शिकावी आणि दुसरीचे भान ठेवावे. त्यांच्या दीर्घ आयुष्याला याहून योग्य आदरांजली कोणती?