अंगावर काढलेलं दुखणं

मागच्या भागात तेंदूपत्त्याचे पैसे कोणाच्या हातात पडतात ते पाहिलं. पैसा हाती आला तरी तो मिळवणाऱ्या बाईचं शरीर धड असावं लागतं. या भागात त्या शरीराकडे वळू.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाईविषयी लिहायला बसलं की 'सोशिक' हा शब्द आपोआप कागदावर येतो. रोवणीत दिवसभर चिखलात वाकलेली, मोहफुलं वेचायला पहाटेच जंगलात गेलेली, येताना डोक्यावर मोळी आणणारी बाई. तिच्या सोशिकपणाचं कौतुक वाचलं की मला हल्ली राग येतो. सोसणं ही ताकद की नाइलाज, हे ठरवण्याआधी तिच्यापुढे दुसरी वाट होती का, एवढं तरी विचारायला हवं. गडचिरोलीत हे एकदा रीतसर तपासलं गेलं.

१९८२ मध्ये चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर चार वर्षांनी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. वसा आणि आमिर्झा या दोन गावांतल्या ६५० जणींची त्यांनी तपासणी केली. दवाखान्याच्या दारात आलेल्या बायका मोजल्या तर आजारीच भेटणार. म्हणून इथे गावातल्याच बायका घेतल्या, दुखणं असो वा नसो. तेरा वर्षांची मुलगी त्यात होती, तशी पाळी जाऊन जमाना झालेली आजीही. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले.

९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होतं. सरासरी काढली तर एकेकीला ३.६ आजार. त्यातले निम्मे जंतुसंसर्गाचे. याआधी अशी तपासणी आणि उपचार मिळालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.

९२ टक्क्यांचा हा आकडा पुष्कळांनी पुष्कळदा सांगितला आहे. मला त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. ४५ टक्के बायकांनी आपली काही तक्रार नाही असं सांगितलं होतं. आता हिशेब करा. शंभरातल्या ४५ जणी तक्रार नाही म्हणतात आणि निरोगी निघतात फक्त आठ. म्हणजे निदान ३७ जणी आजारी असून 'मला काही नाही' म्हणत होत्या. काही आजार लक्षणं दाखवत नाहीत, हे खरं. पण अंगावर पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, कंबर धरणं हे बाईच्या जन्माला लागलेलंच आहे असं लहानपणापासून ऐकलं, तर त्याला तक्रार म्हणावं हे सुचणार कसं? आईने अंगावर काढलं, सासूने काढलं, तशीच हीही काढते.

आणि सांगायचं तरी कोणाला? सरकारी आरोग्ययंत्रणेचा त्या काळचा जीव कुटुंब नियोजनाच्या उद्दिष्टात अडकलेला. बाईच्या गर्भाशयाकडे लक्ष जायचं ते बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हा. लग्नाआधीची मुलगी आणि म्हातारी तर त्या यंत्रणेच्या हिशेबातच नव्हत्या. पुढे १९९४ मध्ये कैरोच्या लोकसंख्या परिषदेत प्रजनन आरोग्याचा विचार जगाने मान्य केला, १९९६ मध्ये भारताने नसबंदीची उद्दिष्टं सोडली. हे सगळं दोन गावांमुळे झालं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरेल. मात्र बाईच्या आजारांवरच्या चर्चेत ही दोन गावं जगभर गाजली.

इथवर बाई रुग्ण होती. त्याच जिल्ह्यात तिच्या हाती उपचारही दिले गेले, आणि मला तो भाग जास्त मोलाचा वाटतो.

लहान मुलं न्यूमोनियाने दगावत. तो ओळखण्याची खूण म्हणजे मिनिटाला श्वास किती. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा त्याहून जास्त, मोठ्याचे पन्नास. पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईने काय करायचं? बंग यांनी तिच्यासाठी मण्यांचं एक साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. निरक्षर दाईचं निदान त्यामुळे विश्वासाचं झालं. गावातल्याच लोकांनी औषध देण्याच्या या प्रयोगात न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले, हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालं.

त्यानंतर आल्या आरोग्यदूत. ३९ गावांतल्या, थोडंफार शिकलेल्या बायका. बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, श्वास अडला तर नळी-मुखवट्याने श्वास द्यायचा, आणि जंतुदोष दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन स्वतः टोचायचं. डॉक्टर कोसांवर असताना एवढ्याशा जिवाच्या मांडीत सुई खुपसायला निधडी छाती लागते, आणि ती व्याख्यानं ऐकून येत नाही. हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत होते, ते तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. शेजारच्या, हा प्रयोग नसलेल्या गावांत आकडा साठच्या आसपासच राहिला. कालपर्यंत गावात अमक्याची सून म्हणून ओळखली जाणारी बाई रात्री-अपरात्री लोक जिचं दार ठोठावतात अशी झाली. आत्मसन्मान म्हणतात तो मला इथे दिसतो, हातातल्या कसबात आणि त्या कसबाची गावाला पडलेल्या गरजेत.

२०११ मध्ये हीच पद्धत केंद्र सरकारने देशभरच्या 'आशा' कार्यकर्त्यांकडे सोपवली. गडचिरोलीतल्या इंजेक्शनचा भाग त्यात आला नाही, घरभेटी आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा, घरी झालं तर सात. बेचाळीस दिवसांच्या या सगळ्या भेटींचा मिळून मोबदला ठरला २५० रुपये. पगार नव्हे, कारण आशा ही कागदोपत्री स्वयंसेविका. पैसे पंचेचाळिसाव्या दिवशी द्यायचे आणि तेही काही अटी पुऱ्या झाल्या तर. वजनाची नोंद हवी, लस हवी, जन्माची नोंदणी हवी. आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप असायला हवीत. सगळ्या भेटी देऊनही बाळ गेलं, तर त्या अटीप्रमाणे तिचे २५० रुपयेही गेले.