पगारातून कापलेला हप्ता आणि मालकाची जबाबदारी

पेढीत, दुकानात वा कारखान्यात वीस-पंचवीस माणसे कामाला असली की एखादा विमा प्रतिनिधी मालकाच्या भेटीला येतोच. त्याला मालकाचा विमा उतरवायचा नसतो. कर्मचाऱ्यांशी बोलण्याची परवानगी हवी असते. विमा ऐच्छिक असतो, हप्ता कर्मचाऱ्याच्या पगारातून जातो आणि मालकाने तो दरमहा कापून कंपनीकडे पाठवावा, एवढीच अपेक्षा असते. विमा कंपनीला ही पद्धत सोयीची वाटते, कारण एकाच ठिकाणी अनेक ग्राहक मिळतात आणि वसुलीसाठी दारोदार जावे लागत नाही.

ही विक्री मुख्यतः तीन प्रकारच्या मध्यस्थांमार्फत चालते. वैयक्तिक प्रतिनिधी विमा कंपनीच्या वतीने काम करतो आणि आयुर्विम्यात तो एकाच कंपनीशी बांधलेला असतो. कॉर्पोरेट एजंट म्हणजे संस्था, पुष्कळदा बँक; तिला ठरावीक संख्येच्या कंपन्यांचाच विमा विकता येतो. ब्रोकर मात्र ग्राहकाचा प्रतिनिधी मानला जातो व अनेक कंपन्यांच्या योजना तुलनेसाठी मांडू शकतो. मोबदला सामान्यतः तिघांनाही विमा कंपनीकडूनच मिळतो. म्हणून समोरची व्यक्ती यांपैकी कोण आहे, हे आपण आधी विचारून घ्यावे.

या साखळीत चौथा दुवा मालकाचा असतो. त्याला कमिशन मिळत नाही. पण कर्मचारी विश्वास ठेवतो तो त्याच्यावर. आयुर्विमा महामंडळाची पगार बचत योजना याच तत्त्वावर चालते. दिल्लीच्या वीजपुरवठा उपक्रमातील एका कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर, मालक संस्थेकडून हप्ते न पोहोचल्याने पॉलिसी बंद पडली, असे सांगून दावा नाकारण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९९ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की या योजनेत हप्ता गोळा करण्यापुरता मालक हा महामंडळाचाच एजंट ठरतो. सबब महामंडळाला जबाबदारी झटकता येणार नाही. निकाल कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या बाजूने लागला खरा. पण हक्काच्या पैशासाठी तिला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले.

यातून व्यापारी कुटुंबांनी काही पथ्ये पाळावीत. कपातीसाठी प्रत्येक कर्मचाऱ्याची लेखी संमती घ्यावी. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानेही आयुर्विम्याच्या हप्त्यासाठी ती अट घातली होती. कापलेली रक्कम एक दिवसही धंद्यात फिरवू नये. ती आपली नव्हे, ठेव आहे. भरणा केल्याची पावती कर्मचाऱ्यांना दाखवावी. कोणी नोकरी सोडल्यास, पुढचे हप्ते त्याने स्वतः कसे भरावेत हे लेखी कळवावे. मालकाच्या शिफारशीमुळे विमा घेणे कोणाला सक्तीचे वाटणार नाही, हेही पाहावे.

एवढी व्यवस्था ठेवणे शक्य नसेल, तर प्रतिनिधीला नम्रपणे नकार द्यावा. कर्मचाऱ्याला स्वतंत्रपणे विमा घेण्याचा मार्ग खुला असतोच.