बाई थकल्या, तर नुकसान आपल्याच मुलांचे

आमच्या वस्तीतील एक ताई परवा रागाने म्हणाल्या, "आमच्या पोराच्या बाई नुसत्या खेकसतात. शिकवायचे सोडून रजिस्टरात डोके घालून बसतात." तक्रार खोटी नव्हती. पण बाईंना भेटलो तेव्हा दुसरी बाजू कळली. एका खोलीत दोन इयत्ता, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि मतदारयादीचे काम. घरी स्वयंपाक आटोपून पुन्हा वह्या तपासायच्या. "रात्री झोपच लागत नाही," एवढेच त्या बोलल्या.

मी कारकून आहे. आजची फाईल राहिली तर उद्या हातावेगळी करता येते. पण मुलाचा भागाकार कच्चा राहिला, तर पुढचे सगळे गणित अडते.

सततच्या ताणाने माणसाची शक्ती सरते, कामावरून मन उडते आणि काम नीट होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये नमूद केले. वर्गात याचा अर्थ एवढाच, की शंका विचारणाऱ्याला ओरडा बसतो आणि मागच्या बाकावरच्या मुलाकडे लक्ष जात नाही. पैसेवाले शिकवणी लावून कसर भरून काढतात. हमाली, धुणीभांडी करणाऱ्यांच्या मुलांना मात्र शाळेचाच आधार.

म्हणून मुलांना मारणे किंवा टोचून बोलणे क्षम्य ठरत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने ते बंद केले आहे. पण त्याच कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका सोडून शिक्षकांना शाळाबाह्य कामे देऊ नयेत. कलम २६ प्रमाणे मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवता येत नाहीत.

हे विचारायचे कुणी? आपणच. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. किती पदे रिकामी आहेत, बाईंना कोणती जादा कामे लावली आहेत, हे बैठकीत विचारा. ठराव लिहून घ्या आणि त्याची प्रत शिक्षण विभागाला द्या.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये याच कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. ती शाळा टिकवायची असेल, तर बाईंशी भांडण्याआधी एकदा बैठकीला जा. त्या ताईंनाही मी हेच सांगितले आहे.