अकरावी विज्ञान शाखेतील विषयनिवड : प्रवेशपात्रता आणि अभ्याससज्जता (रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ सातत्याने राज्यात अग्रस्थानी राहिले आहे. २०२५ च्या परीक्षेत राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला, तर रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या कोकण विभागाचा निकाल ९६.७४ टक्के होता. ही बाब अभिमानास्पद आहेच. परंतु विद्यार्थ्याने घेतलेले विषय त्याच्या पुढील वाटेस अनुरूप होते किंवा नाही, हे उत्तीर्णतेच्या टक्केवारीवरून कळत नाही. तो प्रश्न दोन वर्षे आधी, अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी उभा राहतो आणि बहुधा काही मिनिटांत निकालात काढला जातो.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीभूत ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत. विद्यार्थी शाखा व कनिष्ठ महाविद्यालये यांचा पसंतीक्रम भरतो, त्या वेळी त्याचे सारे लक्ष महाविद्यालय कोणते मिळते याकडे असते. गणित आणि जीवशास्त्र यांपैकी काय ठेवावे व काय सोडावे, हा अधिक दूरगामी प्रश्न मागे पडतो. या निवडीचा विचार कोणत्या निकषांवर व्हावा, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषयरचनेचे स्वरूप

राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत इंग्रजी हा अनिवार्य विषय आहे. त्याबरोबर एक भाषा किंवा माहिती तंत्रज्ञान हा विषय आणि चार वैकल्पिक विषय घ्यावे लागतात. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हे विषय बहुतेक सर्व विद्यार्थी घेतात. खरी निवड उरलेल्या दोन जागांपुरती असते. तेथे गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेता येतात. अन्यथा त्यांपैकी एक सोडून भूगोलासारखा अन्य विषय घेता येतो किंवा संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, मत्स्यप्रक्रिया यांसारखा द्विलक्षी विषय घेता येतो. द्विलक्षी विषय दोनशे गुणांचा असून तो दुसरी भाषा आणि एक विज्ञान विषय अशा दोन विषयांची जागा घेतो. अर्थात त्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात उपलब्ध असलेले विषयच विद्यार्थ्याला घेता येतात. तालुक्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या लहान संस्थांत हे पर्याय स्वाभाविकपणे मर्यादित असतात.

पालकांच्या बोलण्यात आजही ‘ए ग्रुप’ आणि ‘बी ग्रुप’ हे शब्द येतात. भौतिक, रसायन, गणित म्हणजे अभियांत्रिकी आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र म्हणजे वैद्यकीय, असे समीकरण त्यामागे आहे. प्रवेशपरीक्षांच्या दृष्टीने ते चुकीचे नाही. मात्र विज्ञानाच्या अभ्यासाचे वर्णन म्हणून ते अपुरे आहे.

पात्रता व सज्जता यांतील भेद

विषयनिवडीचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. एखाद्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळण्यासाठी नियमाने लागणारे विषय म्हणजे पात्रता होय. तो अभ्यासक्रम समजून घेण्यासाठी प्रत्यक्षात लागणारे पूर्वज्ञान म्हणजे सज्जता होय. समुपदेशनात बहुधा पहिल्याच गोष्टीची माहिती दिली जाते.

पात्रतेचे नियम बदलत असतात आणि गेल्या काही वर्षांत ते सैल होत गेले आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ च्या मार्गदर्शिकेत चौदा विषयांची यादी देऊन त्यांपैकी तीन विषय घेतलेल्या विद्यार्थ्यास अभियांत्रिकी पदवीसाठी पात्र ठरविण्याची मुभा दिली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये, बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळाकडून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यालाही ‘नीट’ देण्याची वाट मोकळी केली. राज्य मंडळाच्या परीक्षेस तुरळक विषय घेऊनही बसता येते.

नियम सैल झाला म्हणून विषय सोपा होत नाही. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेश मुख्यत्वे ज्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या आधारे होतात, तिच्या गणित गटातील २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत. ‘नीट’च्या ७२० गुणांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आहेत. भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांच्या (आयसर) अभिवृत्ती चाचणीत साठ प्रश्न असतात. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व भौतिकशास्त्र यांवर प्रत्येकी पंधरा प्रश्न विचारले जातात. चारपैकी तीन विषय घेतलेला विद्यार्थी या चाचणीस पात्र असतो, पण त्याला प्रश्नपत्रिकेचा एक चतुर्थांश भाग न शिकलेल्या विषयावर सोडवावा लागतो. पात्रता आणि सज्जता यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

गणित सोडण्याचे परिणाम

वैद्यकीय प्रवेशाचे ध्येय ठेवणारे अनेक विद्यार्थी गणित सोडून देतात. अभ्यासाचा भार कमी व्हावा, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु २०२५ मध्ये ‘नीट’ला देशभरातून बावीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. म्हणजे परीक्षा देणाऱ्यांपैकी फार मोठ्या बहुसंख्येला अन्य वाट शोधावी लागणार, हे आरंभापासूनच गृहीत धरले पाहिजे. दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, कृषी या वाटा गणिताशिवायही खुल्या राहतात. अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा, वास्तुशास्त्र, व्यापारी जहाजांवरील अधिकारीपद आणि भौतिकशास्त्राची पदवी या वाटा मात्र व्यवहारात बंद होतात. किनारपट्टीच्या या जिल्ह्यात जहाजावरील नोकरीचे आकर्षण जुने आहे. नौकानयन विषयाच्या बी.एस्सी.साठी भौतिक, रसायन व गणित या विषयांत मिळून किमान साठ टक्के गुण लागतात, हे अकरावीतच ठाऊक असणे इष्ट.

याहून महत्त्वाचा परिणाम विज्ञान शाखेतच राहणाऱ्या विद्यार्थ्यावर होतो. तो बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतो. प्रथम क्रमाच्या अभिक्रियेचा वेग संहतीच्या सम प्रमाणात असतो, हे विधान त्याला कळते. त्या विधानावरून अर्धायुष्य ०.६९३ भागिले वेगस्थिरांक कसे येते, हे समजण्यासाठी मात्र संकलन आणि लॉगॅरिथम लागतात. ते शिकलेले नसल्याने तो सूत्र पाठ करतो. ऊष्मागतिकी आणि पुंजयांत्रिकी येथेही हेच घडते. बारावीच्या ‘गणित व संख्याशास्त्र’ या विषयात विकलन, संकलन, विकलक समीकरणे, संभाव्यता वितरण आणि द्विपद वितरण यांचा समावेश आहे. पदवीच्या विज्ञानाला नेमका हाच पाया लागतो.

जीवशास्त्रही याला अपवाद नाही. रत्नागिरीत १९५८ पासून सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे आणि शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. या दोन्ही संस्था आज दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहेत. माशांच्या वाढीचा वक्र, साठ्याचा अंदाज, मासेमारीमुळे होणारी घट हे मत्स्यविज्ञानाचे मूलभूत प्रश्न गणिती प्रतिमानांवाचून मांडता येत नाहीत. आंब्याची नवी जात तिच्या जनकांहून सरस आहे काय, हे ठरविण्यासाठी क्षेत्रीय प्रयोगांची संख्याशास्त्रीय मांडणी करावी लागते. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून १९८१ मध्ये प्रसृत झालेली, नीलम व हापूस यांच्या संकराची ‘रत्ना’ ही जातही अशा निवडप्रक्रियेतूनच पुढे आली.

गणित आणि जीवशास्त्र यांच्या सीमेवर किती मोलाचे कार्य होऊ शकते, याचे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी घालून दिले. गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. पुनःसंयोजनाच्या प्रमाणावरून गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे त्यांचे सूत्र १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘कोसंबी फलन’ या नावाने ते आजही जनुकीय नकाशे तयार करताना वापरले जाते.

जीवशास्त्र सोडण्याचे परिणाम

अभियांत्रिकीकडे जाणारा विद्यार्थी जीवशास्त्र सोडतो, तेव्हा वैद्यकीय व परिचर्या या वाटा त्याच्यासाठी तत्काळ बंद होतात. रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने या वाटा आता स्थानिक विद्यार्थ्याच्या दारापर्यंत आल्या आहेत. त्यामुळे हे नुकसान लहान नाही.

तरीही दोन विषयांच्या स्वरूपात एक महत्त्वाचा फरक आहे. गणित पायरीपायरीने चढावे लागते, त्यातील एक पायरी चुकली की पुढची लागत नाही. जीवशास्त्रातही क्रम आहे, पण त्यातील अनेक प्रकरणे परस्परांपासून बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे अभ्यासता येतात. त्यामुळे गणितात चांगली गती असलेला विद्यार्थी पुढे जीवशास्त्राकडे वळू शकतो. उलट दिशेचा प्रवास अधिक कष्टाचा ठरतो. आयोगाच्या २०२३ च्या निर्णयाने या वस्तुस्थितीस नियमाचीही साथ मिळाली आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनप्रधान विज्ञान पदवीसाठी बारावीला भौतिक, रसायन व गणित हे विषय असणे आवश्यक आहे. त्या पदवीत जीवशास्त्र हा प्रमुख विषय घेणाऱ्यासही ही अट लागू आहे.

माध्यमाचा प्रश्न

कोकणातील बहुसंख्य विद्यार्थी मराठी किंवा अर्धइंग्रजी माध्यमातून येतात. अकरावीत विज्ञानाचे सर्व विषय इंग्रजीतून सुरू होतात. पहिल्या घटक चाचणीत गणितात कमी गुण मिळाले की ‘आपल्याला गणित जमत नाही’ असा निष्कर्ष विद्यार्थी काढतो. वस्तुतः भाषेचा भार सर्वाधिक जीवशास्त्रात असतो, कारण तेथे शेकडो नव्या इंग्रजी संज्ञा आत्मसात कराव्या लागतात. गणिताची चिन्हभाषा माध्यमावर सर्वांत कमी अवलंबून असते. त्यामुळे अपयशाचे कारण भाषा आहे की विषय, हे तपासल्यावाचून विषय बदलू देऊ नये.

निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचविता येईल. ज्याचे ध्येय निश्चित झालेले नाही आणि ज्याला दहावीच्या बीजगणित-भूमितीत समाधानकारक गती आहे, त्याने गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय ठेवावेत. आरंभी चार विषय घेऊन नंतर एक कमी करणे हे नंतर एक वाढविण्यापेक्षा सुकर असते. चारही विषयांच्या प्रात्यक्षिकांचा व अभ्यासाचा भार पेलत नसेल, तर ज्या विषयात विद्यार्थी स्वतःहून वेळ घालवितो तो ठेवावा. दोन्ही समान वाटत असतील, तर जो नंतर स्वप्रयत्नाने शिकणे कठीण आहे तो ठेवावा. हा विषय बहुधा गणित असतो. ज्याला गणिताची खरोखर अडचण आहे आणि जीवसृष्टीची ओढ आहे, त्याच्यावर गणित लादू नये. त्याने ते का सोडले आणि पुढे काय भरून काढावे लागेल, याची जाणीव मात्र त्याला द्यावी. केवळ गुण सहज मिळतात म्हणून घेतलेला विषय हा निवडीचा शेवटचा निकष असावा. द्विलक्षी विषयाचा निर्णयही त्यामुळे कोणता विज्ञान विषय सुटतो, हे पाहूनच करावा.

महाविद्यालयाचे उत्तरदायित्व

विषयनिवड ही कनिष्ठ महाविद्यालयाची बाब आहे, असे मानून वरिष्ठ विभागांस अलिप्त राहता येणार नाही. तिचे परिणाम पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात आपल्यासमोरच बसलेले असतात. यासाठी तीन गोष्टी विनाविलंब करता येतील. दहावीच्या निकालापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत, परिसरातील माध्यमिक शाळांत विद्यार्थी व पालक यांच्यासाठी मराठीतून विषयनिवड मार्गदर्शन घ्यावे. प्रत्येक विज्ञान विभागाने आपल्या पदवी अभ्यासक्रमास बारावीच्या गणितातील कोणती प्रकरणे प्रत्यक्षात लागतात, याची एक पानी यादी तयार करावी. बारावीला गणित न घेतलेल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी लॉगॅरिथम, आलेख, विकलन-संकलन व प्राथमिक संख्याशास्त्र यांचा सेतुवर्ग पहिल्या सत्रारंभी घ्यावा.

समारोप

१८९९ मध्ये केंब्रिज येथे सीनियर रँग्लर ठरलेले पहिले भारतीय, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, दापोलीजवळच्या मुर्डीचे होते. या जिल्ह्यात गणिती बुद्धीची उणीव नाही. उणीव आहे ती पंधरा-सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यासमोर योग्य वेळी सर्व माहिती ठेवण्याची. प्रवेशाचे नियम जसजसे सैल होतील, तसतशी विषयनिवडीची जबाबदारी नियमांकडून विद्यार्थी व शिक्षक यांच्याकडे येत जाईल. ‘कोठे प्रवेश मिळेल’ या प्रश्नाबरोबरच ‘तेथे गेल्यावर काय समजेल’ हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे ठेवणे, हे त्या जबाबदारीतील शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय.