बेथेल : जागा कोणाच्या नावावर?

फिलाडेल्फियात सहावा रस्ता आणि लोंबार्ड रस्ता मिळतात तेथे ‘मदर बेथेल’ हे काळ्यांचे मेथडिस्ट चर्च आहे. आजची दगडी इमारत १८८९-९० ची, या जागेवरची चौथी. इमारती बदलल्या, जमीन मात्र १७९१ पासून काळ्यांच्याच ताब्यात राहिली. ती कशी राहिली, हाच या चर्चचा खरा इतिहास.

रिचर्ड ॲलन (१७६०–१८३१) जन्माने गुलाम. पैसे मोजून त्यांनी स्वतःला सोडवून घेतले. सेंट जॉर्ज या गोऱ्यांच्या चर्चमध्ये पहाटे पाच वाजता ते प्रवचन करीत. काळ्यांची गर्दी वाढू लागली तशी गोऱ्यांची अस्वस्थताही वाढली. एका रविवारी प्रार्थनेत गुडघे टेकलेल्या ॲबसलम जोन्स यांना ओढून उठवण्यात आले. तुमची जागा वर सज्जात! प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढेच जोन्स म्हणत होते. ती संपताच सारे काळे एकजुटीने बाहेर पडले. त्या बांधकामाला त्यांनीही वर्गणी दिली होती, हे विसरता कामा नये. ॲलन यांनी या घटनेचे साल १७८७ दिले आहे. ती १७९२ च्या सुमाराची असावी असे अनेक इतिहासकार मानतात.

आत घ्या म्हणून लढावे की बाहेर पडून आपले उभारावे? काळाराम मंदिर (१९३०) ते येवला (१९३५) या वाटेवर हा प्रश्न आपल्यालाही पडला होता. ॲलन यांनी लोहाराचे एक जुने दुकान विकत घेऊन आपल्या जागेवर ओढून आणले आणि जुलै १७९४ मध्ये त्यातच चर्च सुरू केले.

पण खरी गोम पुढेच आहे. १७९६ साली संस्थेची कागदपत्रे एका गोऱ्या धर्माधिकाऱ्याने लिहून दिली आणि त्यांत मालमत्ता गोऱ्यांच्या परिषदेकडे गेली. घाम यांचा, कागद त्यांचा. हे ध्यानात येताच ॲलन यांनी १८०७ मध्ये सभासदांच्या दोन-तृतीयांश बहुमताने घटनेत दुरुस्ती करून घेतली. तरीही १८१५ साली चर्च लिलावात निघाले, आणि स्वतःच उभारलेली वास्तू ॲलन यांना १० हजारांहून अधिक डॉलर बोलून परत घ्यावी लागली. १८१६ च्या आरंभी पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. ॲलन त्याचे पहिले बिशप.

जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली, हे आपल्याला माहीत असते. पण स्वतःची मुक्ती स्वतः मिळवणाऱ्या या माणसाचे नाव मराठीत फारसे ऐकू येत नाही.

जाणाऱ्याने आधी वेळ विचारून घ्यावी. तळघरात संग्रहालय आहे. तेथेच रिचर्ड आणि त्यांच्या पत्नी सारा यांची समाधी आहे. पळून आलेल्या गुलामांना सारा यांनी आसरा दिला होता. वरच्या सभागृहात रंगीत काचांच्या मोठ्या खिडक्या आहेत, आणि रविवारची प्रार्थना आजही चालते. सेंट जॉर्जही त्याच शहरात, पायी जाण्याच्या अंतरावर उभे आहे. दोन्ही पाहावीत, आधी सेंट जॉर्ज.